खोरीपाड्याचा मोह

"लहानूमामा, हातातलं ठेवा आणि इकडे या. लवकर!"

लहानू भोयेने धुतलेल्या काचेच्या चंबूंची टोपली ओट्यावर टेकवली, हात सदऱ्याला पुसले आणि तो लगबगीने खिडकीपाशी गेला. तृप्ती देवरे मायक्रोस्कोपवरचे डोळे न काढता त्याला हातानेच बोलावत होती. ही सटाण्याकडची मुलगी तीन वर्षांपासून पीएच.डी.साठी इथे यीस्टवर काम करत होती. गंगापूर रोडवरच्या या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लहानूला एकतीस वर्षं झाली होती. काचसामान धुणं, यीस्ट वाढवायला लागणारी अगारची जेली शिजवणं, तिच्या प्लेटा ओतणं, वापरून झालेलं सगळं वाफेवर निर्जंतुक करणं, ही त्याची कामं. मायक्रोस्कोपची भिंगंही तोच पुसायचा. पण त्यातून काय दिसतं ते बघायला आजवर त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"डोळा लावा. आणि हात टेकू नका टेबलाला."

त्याने वाकून पाहिलं. आधी नुसता उजेड, मग त्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे.

"मधली पेशी बघा. कशी झालीय?"

मधली गोल राहिली नव्हती. रानातल्या तुंब्यासारखी ती एका अंगाने निमुळती होत गेली होती, जणू कुणीतरी तिला चिमटीत धरून हळूच ओढलं असावं.

"मोडली का मॅडम ही?"

"मोडली नाही. ती शोधतेय." तृप्ती हसली. "यीस्टमध्ये दोन प्रकार असतात, मामा. एक 'ए', एक 'अल्फा'. यांना डोळे नाहीत, कान नाहीत, जागचं हलताही येत नाही. मग जोडीदार सापडायचा कसा? तर ही आपला वास सोडते, ती आपला सोडते. वास म्हणजे खरं तर रसायन, पण वासच म्हणू. तो पोचला की समोरची आपलं वाढणं, कोंब फुटणं सगळं थांबवते, आणि ज्या अंगाने वास जास्त येतो त्या अंगाला अशी ताणत जाते. दोघी ताणत ताणत एकमेकींना भिडल्या की मधली भिंत विरघळते. दोघींची एकच होते."

"पण हिच्यासमोर तर कुणीच नाही."

"नाहीच. इथे मी नुसता वास घातलाय, बाटलीतला."

लहानूने डोळा काढून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे फसवलंत की तिला."

"अहो मामा, प्रयोग आहे!"

"किती वेळ थांबते अशी?"

"काही तास. मग तिला वासाची सवय होते आणि ती परत आपल्या कामाला लागते. एकटीच फुटत राहते."

"बरं," लहानू म्हणाला आणि मोरीकडे परत गेला. त्या दुपारी त्याने तेच चंबू दुसऱ्यांदा धुवायला घेतले, आणि अर्ध्यात आल्यावर ते त्याच्या लक्षात आलं.

लहानू पेठच्या पुढच्या खोरीपाड्याचा. नोकरी लागली तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, मुलगी मंजुषा मांडीवर. नाशिकला खोली घ्यायची आणि फुलाबाईला घेऊन यायचं असं त्याने ठरवलं होतं, आणि आणलंही होतं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी निरोप आला की आई विहिरीच्या पायरीवरून पडली, कंबर मोडली. फुलाबाई परत गेली ती गेलीच. आईचं अंथरूण, पुढे म्हाताऱ्याचं, भाताची खाचरं, उतारावरची नागली, बैल, शेळ्या. सुटका नव्हती. लहानू दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी गावी जायचा आणि रविवारी दुपारी तीनच्या गाडीने परत यायचा. मंजुषा मोठी झाली, दिंडोरीला सासरी गेली. आई वारली. नऊ वर्षांपूर्वी बापही गेला. गाडी मात्र तीनचीच राहिली.

एकदा सावळघाटात बस बंद पडून दोन तास बसावं लागलं, तेव्हा त्याने मनाशी मोजून पाहिलं होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात दोघं एका छपराखाली राहिली ते सगळे दिवस गोळा केले तर सहा-सात वर्षंही भरत नव्हती.

गावी गेला की फुलाबाई त्याचं सगळं करायची. पण पाहुण्याचं करावं तसं. पेटीतली धुतलेली चादर काढायची. कडा न दबलेलं ताट त्याच्यापुढे, पहिली भाकर त्याला, अंडं असलं तर त्याला. स्वतः करपलेली भाकर घेऊन चुलीशी बसायची. त्या करपलेल्या भाकरीतला तुकडा मागावा असं लहानूला दर वेळी वाटायचं. पण पाहुणा कधी मागतो का? सेवेची अजून तीन वर्षं होती. तीन वर्षांनी तो कायमचा घरी जाणार होता आणि या गोष्टीची त्याला आताशा भीती वाटायला लागली होती.

फेब्रुवारी संपता संपता तृप्ती मोठ्या पेचात सापडली. वाईन करायची यीस्ट माणसाच्या हाताखाली वाढून वाढून नाजूक झालेली. ऊन चढलं की आंबवण अर्ध्यात टाकून द्यायची. तिला उन्हाला टिकणारी रानटी यीस्ट हवी होती, आणि तिचा वाईनच्या यीस्टशी संकर करायचा होता. अशी यीस्ट मोहाच्या फुलात सापडेल असा तिचा अंदाज होता. पण बाजारातून आणलेल्या सुक्या मोहातून दोनदा बुरशीशिवाय काही उगवलं नाही.

"झाडाखालची ताजी पाहिजेत, मामा. पहाटे पडलेली. आणि त्यातही जी नुकती आंबायला लागलीत ती. फार आंबलेली नकोत, कोरी नकोत."

"आमच्या खोरीपाड्याला मोह आहेत," लहानू म्हणाला. "मी आणतो. चार दिवस रजा टाकतो."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. जन्म-मरणाशिवाय त्याने कधी सलग चार दिवस रजा घेतली नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला, उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. तो परत आलाच नाही. अगार करपायला लागला की त्याला आधी वासावरूनच कळायचं. आता तो गुपचूप मोबाइलवर गजर लावायचा. अशा माणसाने नुकती आंबायला लागलेली फुलं ओळखायची कशी?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो गावी पोचला. फुलाबाईने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "आज बुधवार हाय. नोकरी गेली का काय?"

"गेली नाय. मव्ह येचायला आलोय." घाट उतरला की लहानूची बोली आपोआप बदलायची.

"मव्ह? तू?" ती कितीतरी वेळ हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघं टोपल्या घेऊन निघाली. फुलाबाई रोजच्या पायवाटेने झपाझप, लहानू मागे. थोड्या वेळाने ती पाण्याची बाटली भरायला झऱ्याशी थांबली आणि लहानू पुढे झाला. चालत राहिला. मागून हाक आली.

"आरं, कुठं चाललास? झाड मागं ऱ्हायलं!"

तो वळला. मोहाचं भलंमोठं झाड वाटेपासून दहा पावलांवर होतं. खालची जागा तिने पालापाचोळा जाळून साफ करून ठेवली होती आणि तिच्यावर पिवळट पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. बहरातल्या मोहाजवळून डोळे मिटून गेलेला माणूसही थबकतो, असा तो वास. फुलाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती वेचायला लागली.

उन्हं वर आली तशी तिने त्याची टोपली उचकली. एक फूल नाकाशी नेलं, टाकलं. दुसरं नेलं, टाकलं.

"ही नाय चालायची. बुरशी धरलीय ह्यांनी. वास नाय आला तुला?"

"आला की."

मग तिने पाठ वळवली, खाली वाकून काहीतरी उचललं आणि दोन्ही मुठी त्याच्या नाकासमोर धरल्या. "सांग, कंच्या मुठीत मव्ह?"

लहानूने उजवी मूठ हुंगली, डावी हुंगली. परत उजवी. मग डाव्या मुठीवर बोट ठेवलं.

तिने मूठ उघडली. आत शेळीच्या लेंड्या होत्या.

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "कव्हापास्नं?" तिने विचारलं.

"कोरोना झाला व्हता ना, तवापास्नं."

"म्हंजे चार वर्सं."

"हं."

"आन् मला सांगितलं नाय."

"त्यात सांगायचं काय? जेवाण जातं पोटात. काम व्हतं."

फुलाबाई खाली बसली. फुलं पदरात घेऊन ती उगाच चाळत राहिली. "तू येनार म्हनून मी खुरसणी भाजून चटणी वाटते. लहानपनापास्नं तुला आवडते म्हनून सासूनं शिकवलं व्हतं मला. चार वर्सं वाटते. आन् तू दर बारीला म्हंतोस, झ्याक झालीय."

चटणीचा नुसता खरबरीतपणा जिभेला कळायचा. बाकी तो आठवणीने खायचा.

"सांगायला आपन भेटतो कव्हा?" शेवटी तो म्हणाला. "शनिवारी येतो, रविवारी जातो."

"तू भेटत नायस. मी हितंच हाय."

"मंग तू यायचंस नाशिकला."

"अकरा दिस आले नव्हते का?"

"त्याला तीस वर्सं झाली, मंजीच्या आय."

"झाली ना? मंग तीस वर्सांत परत बोलावलंस का?" तिचा आवाज चढला नव्हता. उलट आणखी खाली गेला होता. "सासू व्हती, सासरा व्हता, तवर मी नाय म्हंत. तवा मीच आले नसते. पन बा जाऊन नऊ वर्सं झाली. दर रविवारी तू पिशवी भरतोस आन् मला वाटतं, आज म्हनंल. आज म्हनंल चल. तू म्हंतोस, जातो."

"मला वाटलं तुला शेत सोडवत नाय. तू एकदा तरी बोलायचंस."

"मी कशी बोलू? खोली तुझी."

वरून एक फूल टप्पकन पडलं, मग आणखी एक. आता काहीतरी म्हणायला हवं हे लहानूला कळत होतं. पण नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते एका सकाळी कुठून निघणार?

फुलाबाईच उठली. "आन ती डबी. कसली फुलं पायजेत तुझ्या मॅडमला?"

"नुकती आंबायला लागल्याली. कोरी नाय, लय आंबल्याली नाय."

मग तीन सकाळी ती एकेक फूल हुंगून देत गेली आणि लहानू ते चिमट्याने डबीत ठेवत गेला. "हे घे. ह्याच्यात आत्ता कुठं दारूचा वास धरलाय." "हे नको, हे आंबटलं." मधेच ती म्हणायची, "कुनीतरी वरच्या पाड्यावर लाकूड जाळतंय, सागाचं हाय." किंवा, "आंब्याला मोहोर हाय अजून." न विचारता सांगायची. लहानू "हं" म्हणायचा. तिसऱ्या दुपारी त्याला जेवायला वाढलं ते कड दबलेल्या ताटात. ते तिच्या ध्यानातही नसावं. तो मात्र जेवता जेवता दोनदा थांबला.

रविवारी फाट्यावर तीनची गाडी वेळेवर आली. लहानू पायरीवर पाय ठेवून मागे वळला, तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरने घंटी ओढली.

"जातो," तो म्हणाला.

"बरं," फुलाबाई म्हणाली.

मोहाची फुलं बघून तृप्ती नाचायचीच बाकी होती. "मामा, ही निवडली कुणी? एकही वाया गेलं नाही!"

"घरच्यांनी," लहानू म्हणाला.

चौदाव्या डबीतून तिला हवी तशी यीस्ट निघाली. उन्हाच्या तापमानाला ठेवली तरी मरगळली नाही. मग महिनाभर तिचे सोपस्कार चालले. या रानटी यीस्टला उपाशी ठेवायचं म्हणजे तिचे बीजाणू होतात, ते बारीक काचेच्या सुईने एकेक सुटे करायचे, आणि त्यातला एक वाईनच्या यीस्टच्या एका पेशीशेजारी नेऊन ठेवायचा. लहानू त्यासाठी रोज अगारचे पातळ तुकडे ओतून द्यायचा. पहिल्या कितीतरी जोड्या फुकट गेल्या.

"रानटी जात फार वाट बघत नाही, मामा," तृप्ती वैतागून म्हणायची. "शेजारी वेळेवर कुणी आलं नाही तर आपल्यातच जमवून घेते. मग ती दार उघडत नाही कुणाला."

मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या आणि लहानूचे दोन्ही शनिवार गेले. फुलाबाईशी बोलणं फक्त फोनवर. पाड्यात रेंज नसायची. रविवारी पाच वाजता ती मागचं टेकाड चढून जायची आणि तिथून फोन लावायची. शेळी व्याली, भाताचा राब भाजून झाला, मंजीचा फोन आला होता, असलं सांगायची आणि उतरायची.

त्या रविवारी तिचं सांगून झालं. लहानू खोलीबाहेरच्या कठड्याला धरून उभा होता. त्याने एकदम म्हटलं, "मंजीच्या आय, ऐक. तू इकडं..." आणि घसा खाकरला. "तू इकडं ये. ऱ्हायला. मी बोलावतोय तुला."

पलीकडून काही आलं नाही.

"ऐकलंस का? हॅलो?"

फोन तुटला होता. कुठल्या शब्दाला तुटला ते कळायला मार्ग नव्हता. त्याने परत लावला, परत लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. सहाव्या वेळेला त्याने फोन खिशात ठेवला. तिने ऐकलं असेल आणि म्हणूनच परत लावला नसेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, ऐकलंच नसेल. खाली बायका नळावर पाणी भरत होत्या, त्यांच्याकडे बघत तो अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहिला.

पुढच्या रविवारी पाच वाजले, साडेपाच वाजले. फोन आला नाही. साडेसहाला त्याने स्वतः लावून पाहिला. क्षेत्राबाहेर.

सोमवारी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, लहानूचा अगार करपला. गजर लावायचा राहिला आणि तो पातेल्याशेजारीच उभा होता. धूर झाल्यावर तृप्ती धावत आली, तिने शेगडी बंद केली.

"मॅडम, मला वास येत नाही," लहानू म्हणाला. "चार वर्षं झाली. सांगायला पाहिजे होतं."

"माहीत आहे मला," तृप्ती म्हणाली. "तुम्ही गजर लावता ना. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगाल." तिने खिडकी उघडली. "आज कुठे लक्ष आहे तुमचं?"

ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाला तृप्तीने नवी जोडी शेजारी शेजारी ठेवली. दुपारी अडीचच्या सुमाराला वॉचमनचा फोन आला. "लहानूभाऊ, गेटवर बाई आल्यात. तुमचं नाव सांगतायत."

लहानू हात ओलेच ठेवून जिना उतरला. गेटच्या आत गुलमोहराखाली फुलाबाई उभी होती. नवं लुगडं, काखेत गाठोडं, पायात नव्या चपला, त्या टाचेला लागत असाव्यात, कारण एका पायातली तिने काढून हातात धरली होती.

"काय झालं? मंजी बरी हाय ना?"

"समदी बरी हाईत."

"मंग?"

"त्या रविवारी तू काहीतरी इचारत व्हतास," फुलाबाई म्हणाली. "'तू इकडं' एवढं आलं, मंग गेलं. टेकाडावर उभी ऱ्हायले किती येळ, परत लागला नाय. घरी येऊन लय इचार केला, काय इचारत आसंल. तू इकडं पैसं धाड? तू इकडं लक्ष दे? काय? म्हटलं फोनवर इचारलं तर परत तुटंल. शेळ्या शेजारच्या नवसाबाईकडं लावून दिल्या, त्यात आठ दिस गेले. मंग निघाले. दोन गाड्या बदलल्या." तिने दम घेतला. "बोल आता. काय इचारत व्हतास?"

परीक्षा संपवून पोरं-पोरी मोटारसायकली काढत होती. वॉचमन स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. लहानूच्या बोटांवरून साबणाचं पाणी निथळत होतं.

"ऱ्हायला ये म्हनत व्हतो," तो म्हणाला. "माझ्याकडं. ऱ्हायला."

फुलाबाईने हातातली चप्पल खाली टाकली, पाय आत घातला.

"हे नऊ वर्सांपूर्वी इचारायचं."

"हो."

"तवा गुडघं दुखत नव्हतं माझं."

"हो."

"पाऊस पडंस्तवर ऱ्हाईन. भाताची आवणी कोन करंल? आवणी झाली का परत येईन. मंग बघू."

"बरं," लहानू म्हणाला. त्याने तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं. नुसतं विचारायला आलेल्या माणसाच्या मानाने ते जड होतं.

वर जिन्यातच तृप्तीची हाक आली. "मामा! कुठे होतात? झालं! झालं!" मग मागे फुलाबाई दिसली तशी ती थबकली, तिने ओळखलं, आणि हात धरून तिला सरळ मायक्रोस्कोपपुढे नेऊन बसवलं. "मावशी, तुम्हीच निवडलीत ना फुलं? मग आधी तुम्ही बघा."

फुलाबाईने डोळा लावला. बराच वेळ ती नुसतीच "कुठं? कुठं?" करत होती.

"दिसलं?"

"डमरूसारखं हाय."

"तेच. त्यातलं एक टोक तुमच्या मोहातलं. दुसरं परदेशातून आणलेल्या वाईनच्या यीस्टचं. सकाळी दोघी वेगळ्या होत्या, मधे थोडी जागा होती. दुपारपर्यंत एकमेकींकडे ताणत गेल्या."

"जात येगळी ना दोघींची?"

"जात एकच, मावशी. गाव वेगळं."

फुलाबाईने परत पाहिलं. "मधूनच काहीतरी फुटतंय. कोंब."

"पोर आहे त्यांचं. पहिलं."

"आन् मंग पयल्या दोघी? त्या कुठं गेल्या?"

"त्या आता नाहीत," तृप्ती म्हणाली. "आता ही एकच."

फुलाबाई डोळा काढून बसली. तिने लहानूकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "हिला नाव काय ठिवलंय?"

"नाव नाही हो, नंबर आहे. केपी चौदा."

"केपी म्हंजे?"

"खोरीपाडा."

"आगं बया!" फुलाबाईने पदर तोंडाला लावला. "आमच्या पाड्याला बस येत नाय अजून आतपतुर, आन् नाव हितं आलं!"

पाच वाजता दोघं निघाली. लहानूची खोली आनंदवलीला, चालत वीस मिनिटांवर. गाठोडं त्याच्या खांद्यावर. गंगापूर रोडला संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. फरसाणाच्या दुकानात कढई चढली होती, क्लास सुटलेली मुलं घोळक्याने चालत होती. दूध घ्यायला हवं, दुसरी उशी नाही, ती घ्यायला हवी, खोलीत एकच ताट आहे, असा विचार करत लहानू चालत होता. काहीतरी बोलायला त्याने मान वळवली, तर शेजारी कुणी नव्हतं.

फुलाबाई चार पावलं मागे होती. बांधावरून चालावं तशी, पावलात पाऊल टाकत, खाली बघत येत होती. जन्मभर तिने अशाच वाटा तुडवल्या होत्या, जिथे दोन माणसं शेजारी मावत नाहीत.

तो थांबला. तीही मागे थांबली.

"काय झालं? वाट चुकली का?"

"नाय. पुढं ये."

"तू चाल ना. मी येते."

"आगं, रुंद हाय हितं. शेजारी ये."

तिने फूटपाथकडे पाहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिलं, पदर नीट केला आणि त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. दोघं चालू लागली. दहा-बारा पावलं ती बरोबर चालली. मग समोरून एक सायकल आली, तिने अंग चोरलं आणि ती परत मागे पडली.

लहानूने खांद्यावरचं गाठोडं या बाजूचं त्या बाजूला घेतलं, आणि ती येऊन पोचेपर्यंत पावलं आखडती घेतली.